ती पाच मिनिटं

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, रामदासपेठ, नागपूर येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर तू 'हरवलेले दिवस' या विषयावर बोल." मी म्हटलं, अरे बावा, ही तर ज्याने चोरी केली त्यालाच फिर्याद लिहायला बसवण्यातली गत झाली! २४ वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे. जे दिवस हरवले म्हणून आपण हळहळतो, ते हरवण्यात आमच्या धंद्याचा हात आहे आणि थोडा माझाही आहे. त्यामुळे हे भाषण कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे असं समजा.

काल संध्याकाळी मी पुण्याहून आले. विमानतळावर मोबाईलवरून टॅक्सी बोलावली. पत्ता आधीच भरलेला, भाडं आधीच ठरलेलं. मोबाईलमधल्या बाईने डावीकडे-उजवीकडे सांगत आम्हाला रामदासपेठेत आणून सोडलं. वीस मिनिटांत तो ड्रायव्हर आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. भांडण नव्हतं, गरजच पडली नाही. पूर्वी बर्डीहून ऑटो केला, तर पंचशील टॉकीज येईपर्यंत ऑटोवाल्याला आपलं मूळ गाव कोणतं, वडील कोणत्या खात्यात आहेत आणि पोरगी कितवीत आहे, हे सगळं माहीत झालेलं असायचं. वर "गणित कच्चं नका राहू देऊ, बाई" असा सल्ला फुकट मिळायचा.

आता मुख्य गोष्ट सांगते. इथे आपल्यापैकी काहींची मुलं आली आहेत, त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगते.

आम्ही रामदासपेठेतच एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आज तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली पॅथॉलॉजी लॅब आहे. बाबा सरकारी नोकरीत होते. फोनसाठी अर्ज करून ठेवला होता, पण तेव्हा फोन मिळायला वर्षानुवर्षं लागायची. फोन होता तो वरच्या मजल्यावर, घरमालकीण काकूंकडे. शाळेच्या फॉर्मवर, बाबांच्या ऑफिसात, नातेवाइकांच्या डायऱ्यांत आमचा नंबर म्हणून तोच दिलेला असायचा आणि पुढे दोन अक्षरं लिहिलेली असायची : 'पी. पी.' पी. पी. म्हणजे हा फोन यांचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. ते बोलावून देतील.

माझा दादा तेव्हा मुंबईला नोकरीला लागला होता. दर रविवारी तो बूथवरून एसटीडी करायचा. बूथमधलं ते लाल आकड्यांचं मीटर पळत असायचं, म्हणून तो फोन लावून एवढंच बोलायचा, "काकू, आईला बोलावता का? पाच मिनिटांनी परत करतो." आणि ठेवून द्यायचा. काकू जिन्यातून हाक मारायच्या, "अगंऽऽ, मुंबईचा फोन आहे, या लवकर!" आई हातातलं काम टाकून पदराला हात पुसत निघायची, मी मागे. बाबा शर्ट घालून येईपर्यंत आम्ही वर पोचलेलो असायचो.

आणि मग ती पाच मिनिटं.

क्रोशाच्या रुमालावर तो काळा फोन ठेवलेला. त्याच्याकडे बघत आम्ही काकूंच्या दिवाणखान्यात बसायचो. काका टीव्हीचा आवाज कमी करायचे. काकू हिवाळ्यात सांबारवडी, उन्हाळ्यात पन्हं, आणि काहीच नसेल तर डब्यातला चिवडा पुढे करायच्या. दादाला लाईन लागली नाही तर पाच मिनिटांची पंचवीस मिनिटं व्हायची. तेवढ्यात आईचं आणि काकूंचं काय काय बोलून व्हायचं! कोणाच्या मुलीला बघायला येणार आहेत, लोणच्याला कैऱ्या कधी आणायच्या, काकूंच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडलं. दादाशी बोलणं दोन मिनिटांचं व्हायचं. काकूंशी बोलणं पाऊण तासाचं.

एका रविवारी दादाने सांगितलं की कंपनी बंद पडली, नोकरी गेली. आई फोनवर "बरं... बरं... जेवत जा वेळेवर" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. कोणी काही विचारलं नाही. काकू उठल्या, आत गेल्या आणि चहा टाकला. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत वरच होतो.

खरं सांगायचं तर मला तेव्हा या सगळ्याचा राग यायचा. आमच्या घरातलं सगळं काकूंना आमच्या बरोबरीने कळायचं. आमचं असं काही राहतच नव्हतं. म्हणून मी नववीत असताना आमच्या घरी स्वतःचा फोन आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. पेढे वाटले. पहिला पेढा काकूंना दिला. त्यांनी फोनला हळदकुंकू लावलं.

मग एक गोष्ट झाली. ती माझ्या लक्षात आली, पण कळली नाही. पुढचा अख्खा महिना आई वर गेली नाही. तंटा नव्हता, काही नाही. काम नव्हतं ना.

मित्रहो, आपण दहावीत होतो त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ ला, ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखरामांना मोबाईलवरून फोन केला. आपल्या देशातला तो पहिला मोबाईल कॉल. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्या पायाखालची जमीन सरकायला सुरुवात झाली होती आणि आपण इथे, याच इमारतीत, भूमितीची प्रमेयं पाठ करत होतो. मागच्या बाकावरचे काही जण तेही करत नव्हते.

त्या काळातल्या ज्या गोष्टी आठवल्या की जीव हळवा होतो, त्या मी इथे येण्याआधी एका कागदावर लिहून काढल्या. इंजिनीअर आहे, यादी केल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली गोष्ट कूलर. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर काढायचा, जुनं गवत फेकायचं, नव्या ताट्या बसवायच्या, आणि पहिलं पाणी सोडलं की त्या ओल्या वाळ्याचा वास घरभर. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं. आधी वाफ निघायची, मग गच्ची निवायची, मग गाद्या पडायच्या. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारायचं, "झोपले का?" आणि त्या प्रश्नाने अर्धा तास जायचा. पंचेचाळीस अंशांत एसी लागतो, मी नाही म्हणत नाही. माझ्याही घरी आहे. पण एसी लावायचा तर खिडकी बंद करावी लागते, आणि गच्चीवर आता टाक्या आणि डिश अँटेना झोपतात.

दुसरी गोष्ट कॅसेट. आवडत्या गाण्यांची यादी करून बर्डीतल्या दुकानात कोरी कॅसेट भरायला द्यायची. चार दिवसांनी मिळायची. ते दुकानदार भाऊ यादी वाचून म्हणायचे, "ताई, हे गाणं इथं नका ठेवू, याच्यानंतर ते बसत नाही." आता माझा मोबाईलही मला गाणी सुचवतो, अगदी अचूक सुचवतो. पण भाऊ यादीवरून नजर उचलून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कोणाला द्यायची आहे?" साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये शेवटचं गाणं नेहमी मधेच तुटायचं. अजूनही ते गाणं कुठे पूर्ण वाजलं, तर त्या जागेनंतरचे शब्द मला उपरे वाटतात.

तिसरी गोष्ट आपल्या शाळेची. गैरहजर राहिलं की वही मागायला कोणाच्या तरी घरी जावं लागायचं. वही मागायला गेलो आणि नुसती वही घेऊन परत आलो, असं कधी झालंय? मला आपल्या वर्गातल्या किमान १५ जणांची स्वयंपाकघरं माहीत होती, ती केवळ मला वरचेवर ताप यायचा म्हणून. कोणाच्या घरी वरणाला हिंगाची फोडणी आणि कोणाच्या घरी लसणाची, कोणाची आजी ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलते, हे सगळं गैरहजेरीमुळे कळलं. आज माझी मुलगी आजारी पडली की दहा मिनिटांत अख्ख्या वहीचे फोटो मोबाईलवर येतात. तिला तिच्या एकाही मैत्रिणीचं स्वयंपाकघर माहीत नाही.

यादी लिहून झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि मला वाटलं, थांब. कूलर, कॅसेट, वही, काळा फोन यांपैकी एकही वस्तू मला परत नको आहे. काळा फोन आज दिला तर मी शोभेला ठेवीन. मग हरवलं काय?

आणि सगळंच काही गोड नव्हतं. रेल्वेच्या रिझर्व्हेशनसाठी बाबा पहाटे साडेचारला जाऊन रांगेत उभे राहायचे. दारात तारवाला दिसला की तार वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि मला तिचं काडीचंही दुःख झालं नाही. एखाद्या मुलाचा फोन वर्गातल्या मुलीकडे आला, तर तो आधी काकूंच्या, मग आईच्या, मग बाबांच्या चौकशीतून पास व्हावा लागायचा. ही चाळणी मुलींसाठी जास्तच बारीक होती, हे इथल्या प्रत्येक मैत्रिणीला माहीत आहे. दहावीनंतर आपण जे पांगलो, ते पुन्हा एकमेकांना सापडलो तेही कॉम्प्युटरमुळेच. आधी ऑर्कुटवर, मग आपल्या ग्रुपवर. २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली, तेव्हा पहाटे पहाटे ग्रुपवर "सगळे ठीक आहेत ना?" सुरू झालं होतं. मी पुण्यात बसून एकेकाचं उत्तर मोजत होते. म्हणून मोबाईलला शिव्या देऊन टाळ्या घ्यायचा माझा विचार नाही.

मग हरवलं काय, याचं उत्तर मला माझ्या धंद्यातल्या एका शब्दात सापडलं. आमच्याकडे 'फ्रिक्शन' म्हणतात. म्हणजे घर्षण. गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट करताना जिथे जिथे थांबावं लागतं, विचारावं लागतं, वाट बघावी लागते, ते सगळं फ्रिक्शन. ते कमी करण्याचा आम्हाला पगार मिळतो. मी ज्या कंपनीत काम करते ती ऑर्डरी घेण्याचं, माल पोचवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. सात पायऱ्यांचं काम दोन पायऱ्यांवर आणलं की आमच्याकडे केक कापतात. मीही कापले आहेत.

पण हा शब्द मला पहिल्यांदा शिकवला तो समोर बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या सरांनी. सर, आपल्याला आठवत असेल, तुम्ही वर्गात कॅरम बोर्ड आणला होता, पावडर टाकून सोंगटी सरकवून दाखवली आणि विचारलं, "घर्षण चांगलं की वाईट?" आम्ही सगळे ओरडलो, "वाईट!" तुम्ही म्हणालात, "मग उद्यापासून घर्षण बंद. आता उठा आणि चालून दाखवा." आणि समजावून सांगितलंत की घर्षण नसेल तर पाऊल पुढे टाकता येत नाही, पाय जागच्या जागी घसरतो. मला त्या प्रश्नाला दोन मार्क मिळाले होते. उत्तर समजायला मात्र ३० वर्षं लागली, आणि त्याची किंमत माझ्या आईने दिली.

बाबा २०१८ मध्ये गेले. दादा अमेरिकेत, मी पुण्यात. आई इथेच, रामदासपेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी. "माझं सगळं इथं आहे, मी कुठं येत नाही," म्हणाली. मग मी ठरवलं की आईला एकाही गोष्टीसाठी बाहेर पडावं लागू नये. मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. वीजबिल आपोआप भरलं जायला लागलं. गॅस मी पुण्यातून नोंदवायचे. औषधं महिन्याच्या महिन्याला घरपोच. भाजी घरपोच. आणि दूध ॲपवरून, पहाटे सहाच्या आत, दाराच्या कडीला पिशवीत. आईला दार उघडायचाही त्रास नको.

त्याआधी एक गवळी यायचा. कॅन घेऊन, सायकलवर. २० वर्षं येत होता. कधी सहाला, कधी साडेसातला. पाणी घालायचा हेही खरं. बेल वाजवायचा, आई गंज घेऊन यायची, आणि उशीर झाला तर तो जिन्यातूनच ओरडायचा, "काय बाई, झोपूनच राहिल्या का आज?" मी त्याला बंद केलं. आई सांगते, तो शेवटच्या दिवशी विचारत होता, "माझं काही चुकलं का, बाई?" आई म्हणाली, "नाही रे, पोरीनं फोनवर लावून दिलं."

आणखी एक सांगते. आईला बाबांची फॅमिली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागायचा, म्हणजे मी जिवंत आहे हे स्वतः हजर राहून दाखवायचं. मला तो प्रकार अपमानाचा वाटायचा. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीनेही देता येतो, आणि आता तर मोबाईलवर नुसता चेहरा दाखवून होतो. मी दिवाळीत आले की आईचा चेहरा मोबाईलसमोर धरायचे, दोन मिनिटांत काम. मला वाटलं, आई खूश होईल. तिसऱ्या वर्षी ती हळूच म्हणाली, "त्या दोघी भेटायच्या गं बँकेत. आम्ही तिघी मग बर्डीत जाऊन दोसा खायचो. वर्षातून एकदाच व्हायचं ते." मी म्हटलं, "मग तसंही जा ना, कोण अडवतंय?" ती म्हणाली, "तसंही कोणी जातं का? काही काम असलं म्हणजे जाणं होतं."

मी हसून सोडून दिलं. गेल्या फेब्रुवारीत कळलं.

त्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास आई बाथरूमपाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. मोबाईल पलंगावर. पाच वाजून बावन्न मिनिटांनी दाराशी दूध आलं. तो मुलगा पिशवी अडकवून, फोटो काढून गेला. बेल वाजवायची नाही अशी सूचना मीच भरून ठेवली होती, आईची झोप मोडू नये म्हणून. आई आतून हाका मारत होती. तो तोपर्यंत खाली गेला होता. त्याचा दोष नाही. त्याला अशी चाळीस दारं करायची होती, आणि त्याच्या मोबाईलवरही माझ्यासारख्याच कोणीतरी मिनिटं मोजायची सोय केलेली होती.

सात वाजता पुण्यात चहा घेताना मी मोबाईल बघितला. आईचं दूध : पोचलं. हिरवी खूण. मला वाटलं, चला, आईचा चहा झाला असेल. मी मीटिंगला बसले. नऊला फोन केला, उचलला नाही. म्हटलं पूजेला बसली असेल. साडेदहापर्यंत सहा फोन झाले, तेव्हा माझे हात थरथरायला लागले. शेजारी फोन करावा म्हणून मी नंबर शोधायला लागले. माझ्याकडे दुधाच्या ॲपचा कस्टमर केअर नंबर होता. औषधवाल्याचा होता. गॅसचा होता, विजेचा होता, इंटरनेटवाल्याचा होता. समोरच्या दारात राहणाऱ्या माणसांचा नंबर नव्हता. त्यांचं आडनावसुद्धा मला नीट आठवेना. कारण सहा वर्षांत त्यांच्याकडे कधी काही कामच पडलं नव्हतं.

माझ्या आईला पी. पी. नंबर नव्हता. तो मी काढून टाकला होता, एकेक पायरी कमी करत.

मी आपल्या ग्रुपवर लिहिलं. दहा मिनिटांत ४१ जणांची उत्तरं आली. हात जोडलेले, "काळजी करू नको", "कोणी आहे का तिकडे?" त्यातल्याच एका मैत्रिणीने अस्थिरोगतज्ज्ञांचा नंबर दिला, तो पुढे फार उपयोगी पडला. आणि आपल्यापैकी एकाने काहीच लिहिलं नाही. तो आता या सभागृहात बसला आहे. नाव घ्यायचं नाही असं त्याने मला बजावलं आहे. लोकमत चौकाजवळ त्याचं दुकान आहे. त्याने शटर ओढलं, गाडी काढली आणि सरळ घरी गेला. त्याला घर माहीत होतं, कारण बाबा गेले तेव्हा तो आला होता. चौकीदाराला घेऊन, समोरच्यांना उठवून, कुलूप तोडून ते आत गेले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आई पावणेसहा तास फरशीवर होती. मला त्याने फोन केला तेव्हा पहिलं वाक्य "काकू बऱ्या आहेत" हे होतं. नंतर दवाखान्यात भेटल्यावर म्हणाला, "दुधाची पिशवी दाराला तशीच होती गं. फुटायला आलती."

बातमी त्याच्यापर्यंत एका क्षणात गेली ती मोबाईलवरून, हे मी विसरत नाही. ग्रुप नसता तर त्याला कळलंच नसतं. पण दार माहीत असणं, कोणालाही न विचारता निघणं, हे त्याच्याकडे आधीपासून होतं. ते कोणत्याही ॲपने दिलेलं नव्हतं.

तेव्हा हरवलं काय, या प्रश्नाचं माझं उत्तर असं : हरवलं ते निमित्त. आपण नागपूरचे लोक तोंडाने कितीही मोकळे असलो तरी कारणाशिवाय कोणाच्या दारात जात नाही. संकोच वाटतो. फोन, वही, दूध, हयातीचा दाखला ही सगळी निमित्तं होती. काम दोन मिनिटांचं असायचं आणि त्याच्या आजूबाजूला जी पाच मिनिटं शिल्लक राहायची, त्यात आपण एकमेकांना बघून घ्यायचो. आम्ही इंजिनीअर मंडळींनी काम तसंच ठेवलं आणि ती पाच मिनिटं वाचवली. वाचवलेली पाच मिनिटं कुठे गेली ते मला विचारू नका. ती माझ्याही हाती लागलेली नाहीत.

मी काय केलं तेही सांगते. वीजबिल अजून आपोआपच जातं, ते तसंच राहील. पण दुधाचं ॲप बंद केलं. त्या गवळ्याला शोधलं, तर त्याने म्हशी केव्हाच विकल्या. आता जवळच्या डेअरीतला एक मुलगा येतो. बेल वाजवतो, आई येईपर्यंत थांबतो. महिन्याचे पैसे ती रोख देते, मुद्दाम, कारण मग हिशेबावरून थोडी हुज्जत होते आणि तिला ती आवडते. नोव्हेंबरमध्ये वॉकर घेऊन ती बँकेत गेली. एक मैत्रीण आली होती. दुसरी आता नाही. ऑफिसातही मी एक गोष्ट मांडली : वयस्क गिऱ्हाइकांसाठी 'बेल वाजवा, हातात द्या' अशी सोय ठेवू. मीटिंगमध्ये एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, याने प्रत्येक डिलिव्हरीला दोन मिनिटं वाढतील." मी म्हटलं, "हो. वाढू देत." सध्या ती सोय काही ठिकाणी चाचणीवर आहे. राहील की जाईल, सांगता येत नाही.

आता माझी एक विनंती. इथे ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे दुसऱ्या गावात एकटे राहतात, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांच्याकडे त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर आहे तेवढ्यांनीच हात वर ठेवा... आठ. मी मोजले. आठच.

स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर छापायचे आहेत. संपादकांना मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली की ज्यांची हरकत नाही त्यांचे घरचे पत्तेही छापायचे, आणि यादीत एक रकाना आणखी असेल. त्याच्यावर लिहिलेलं असेल : पी. पी. तुमच्या माणसांच्या समोरच्या दारी राहणाऱ्या कोणाचा तरी नंबर, त्यांना विचारून, तुमच्या हातांनी त्यात लिहा. तो रकाना कोरा छापतोय. तो भरायचा तर शेजाऱ्यांची बेल वाजवावी लागेल, आणि यापेक्षा चांगलं निमित्त मला सुचलं नाही.

आपल्या ज्या बाई आणि सर आज तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांचे पत्तेही त्या यादीत असतील. जाताना आधी फोन करून "येऊ का?" असं विचारू नका. ते नको म्हणतील, त्रास कशाला म्हणतील. वही मागायला जायचो तसं जा.

आणि आमच्या घरीही या. इथून चालत दहा मिनिटं. आई आज आली नाही, तिला इतका वेळ बसवत नाही, पण आपल्यापैकी कोण कोण येऊन राहिलं आहे हे ती सकाळपासून विचारते आहे. चिवडा केलेला आहे. बेल वाजवा. वॉकर घेऊन दारापर्यंत यायला तिला चार-पाच मिनिटं लागतात.

तेवढं थांबा.